मी जातो, मी जाते

सात फाशांचा एक संच माझ्या टेबलाच्या खणात दोन वर्षं पडून होता. चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचा एकेक, शिवाय दहा बाजूंचे दोन. दहाचे दोन कशाला, तर एक दशकाचा आणि एक एककाचा धरला की १ ते १०० मधलं दान काढता येतं. हे सगळं मला पाठ होतं. मधूनच खण उघडायचे, वीसचा फासा टाकायचे, १७ पडले की उगाच बरं वाटायचं, आणि खण बंद करायचे. ते १७ कशासाठी पडले हे विचारायला समोर कोणी नव्हतं.

खेळ टेबलटॉप रोलप्लेइंगचा, म्हणजे आरपीजीचा. तो सांगायला सोपा आहे. एकजण गोष्टीतलं जग सांभाळतो, तो गेम मास्टर. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. समोर काय आहे ते गेम मास्टर सांगतो, आपण काय करतोय ते खेळाडू सांगतात, आणि जमेल की फसेल याची खात्री नसेल तिथे फासे टाकतात. एवढंच. पण एवढं ऐकून एखादा माणूस खेळायला बसला, असं दोन वर्षांत एकदाही झालं नाही. प्रश्न ठरलेले. "म्हणजे नाटक का?" नाही, संवाद लिहिलेले नसतात आणि बघायला कोणी नसतं. "मग पट कुठाय?" बरेचदा नसतोच. "जिंकतं कोण?" इथे माझं घोडं अडायचं. कोणीच नाही, असं म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर आजाऱ्याला भेटायला आलेल्या माणसाची कणव यायची.

मग मी वाचत बसले. डंजन्स अँड ड्रॅगन्स या आरपीजीची नियमपुस्तकं वाचली, १९७७ च्या ट्रॅव्हलर या खेळाबद्दल वाचलं, ज्यात पात्र तयार करता करताच ते मरू शकतं, खेळ सुरू व्हायच्या आधी. १९८१ च्या कॉल ऑफ कथुलूची शंभराच्या दानाची पद्धत समजून घेतली. सहा बाजूंचे तीन फासे टाकले तर सरासरी १०.५ येते, चार टाकून सगळ्यात लहान दान काढून टाकलं तर ती १२.२४ होते, हे मी विचारलं नसताही लोकांना सांगायचे. रेल्वेचं सगळं वेळापत्रक तोंडपाठ आणि गाडीत एकदाही पाय ठेवलेला नाही, अशी गत.

मध्ये एकदा गाडीत पाय ठेवला होता खरा. अनोळखी सहाजणांचा एक गट होता. लेखी खेळायचं, दिवसाकाठी प्रत्येकाने एक मजकूर लिहायचा. मी धनुष्यबाणवाली एक एल्फ (परीकथांतल्या टोकदार कानांच्या लोकांपैकी एक) केली, तिच्या बालपणावर दोन पानं लिहिली (ती कोणी वाचली नाहीत, आता वाटतं बरंच झालं). तीन आठवड्यांत आम्ही सगळे एका सराईच्या दारापर्यंत पोचलो. चौथ्या आठवड्यात गेम मास्टर कामात अडकला. पाचव्यात कोणीच काही लिहिलं नाही. माझी एल्फ अजून त्या दारात उभी आहे.

या खेळात खेळाडू पैशाला पासरी मिळतात आणि गेम मास्टर मिळत नाही. ज्याला खेळायची सगळ्यात जास्त हौस, तोच शेवटी गेम मास्टर होऊन बसतो, कारण दुसरं कोणी ते करणार नसतं. मला खेळायचं होतं, खेळवायचं नव्हतं. पण दोन वर्षांनी हट्ट सोडला आणि तिघांना गळ घातली: माझा मामेभाऊ, माझी एक जुनी मैत्रीण आणि तिचा नवरा. मामेभाऊ आला कारण तो मला नाही म्हणू शकत नाही. मैत्रीण आली ती माझी दोन वर्षांची बडबड एकदाची थांबावी म्हणून. तिचा नवरा तिच्याबरोबर आला.

पहिली संध्याकाळ डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीची. तिचे मूळ नियम फुकट मिळतात, आणि जानेवारी २०२३ पासून नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे, म्हणजे काही विकत न घेता सुरुवात करता येते. मी तिघांपुढे कोरी कॅरेक्टर शीट ठेवली. वंश निवडा. वर्ग, म्हणजे पात्राचा पेशा, निवडा. पूर्वायुष्य निवडा. आता सहा गुण: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण, छाप. त्यांत १५, १४, १३, १२, १० आणि ८ हे आकडे वाटा. वाटलेत? आता प्रत्येकातून १० वजा करा, निम्मे करा, अपूर्णांक आला तर खालचा घ्या. म्हणजे १५ चे झाले अधिक दोन.

"मग पुढे १५ कुठे लागतात?" मैत्रिणीच्या नवऱ्याने विचारलं.

"फारसे कुठे नाहीत. अधिक दोनच वापरायचे."

"मग १५ लिहायचे कशाला?"

सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये तीन फासे टाकून ३ ते १८ मधला आकडा काढत, तो वारसा आहे, असं मी सांगितलं. त्याने मान हलवली. पटलं म्हणून नव्हे. आणि त्याचं रास्तच होतं. तीन तास झाले. तीन कागद भरले, मामेभावाचे मंत्र निवडून व्हायचे राहिले, आणि एकही दार उघडलं गेलं नाही. जाताना मैत्रीण म्हणाली, "अगं, फॉर्म छान होता."

त्या रात्री मी नियमपुस्तक मिटलं आणि पुन्हा कितीतरी दिवस उघडलं नाही.

पुढच्या वेळी खेळ बदलला. जॉन हार्परचा लेझर्स अँड फीलिंग्ज नावाचा एक खेळ आहे. त्याचे सगळे नियम एका पानात मावतात. तुम्ही रॅप्टर नावाच्या अंतराळजहाजाचे कर्मचारी. कॅप्टनचा ताबा कुठल्याशा मानसिक शक्तीने घेतला आहे, तिचं नावच 'काहीतरी वेगळंच'. कॅप्टन वैद्यकीय कुपीत बेशुद्ध, आता जहाज तुमच्यावर. पात्र करायचं म्हणजे एक हुद्दा, एक स्वभाव आणि २ ते ५ मधला एक आकडा. आकडा मोठा असेल तर तुम्ही लेझरवाले: यंत्र, तर्क, थंड डोकं. लहान असेल तर भावनावाले: अंतःप्रेरणा, बोलणं, झोकून देणं. सहा बाजूंचे एक ते तीन फासे टाकायचे. डोक्याचं काम असेल तर दान आपल्या आकड्याच्या खाली हवं, मनाचं असेल तर वर. नेमका तोच आकडा पडला तर गेम मास्टरला एक प्रश्न विचारायचा, आणि त्याने खरं उत्तर द्यायचं.

पात्रं दहा मिनिटांत झाली. मैत्रीण इंजिनिअर, आकडा ५. तिचा नवरा पायलट, आकडा ३. मामेभावाने डॉक्टर घेतलं, आकडा २, आणि मला छळायचं म्हणून सांगितलं की ही डॉक्टर साठीच्या घरातली बाई आहे. आम्ही तिला डॉक्टरीणबाई म्हणायला लागलो.

मी तयारीत अकरा पानं लिहून आणली होती. एक ओसाड अंतराळस्थानक, त्याचा नकाशा, तिथला लबाड अधिकारी, बिघडलेल्या यंत्रमानवाचं एक आख्खं भाषण. मोठ्या आवाजात सुरुवात केली.

"इंजिनाचा आवाज अचानक बंद पडलाय. खिडकीबाहेर काळोख, आणि लांबवर स्थानकाचा एकच दिवा. तुम्ही काय करता?"

"मी यंत्रं तपासेन," पायलट म्हणाला.

त्याचं झालं. पुढचा प्रसंग. "तुम्ही काय करता?" पुन्हा पायलटच बोलला. चौथ्या खेपेला मैत्रीण वैतागली, "सारखं ह्यालाच काय विचारतेस?"

मी तिघांनाही विचारत होते. पण तिला आणि मामेभावाला मी अरे-तुरे करते, अहो-जाहो फक्त तिच्या नवऱ्याला. माझं 'तुम्ही' त्याला एकट्यालाच आदराने विचारल्यासारखं पोचत होतं, आणि तो भला माणूस, विचारल्यावर गप्प बसणं बरं दिसत नाही म्हणून दर वेळी काहीतरी सांगत होता. जगभरच्या गेम मास्टरांचा हा सगळ्यात घासून गुळगुळीत झालेला प्रश्न आहे, आणि मराठीत तो विचारताक्षणी गफलत करतो हे दोन वर्षांच्या वाचनात मला कुठे भेटलं नव्हतं. मग मी हुद्द्याने विचारायला लागले. "पायलट, तू काय करतोस? इंजिनिअर, तू?" पहिल्यांदा त्याला 'तू' म्हणताना माझी जीभ अडखळली. त्याचे खांदे मात्र त्याच क्षणी सैल झाले.

दुसरी गोष्ट लक्षात यायला जरा वेळ लागला. तिघंही भविष्यकाळात खेळत होते. "मी दार उघडीन." "मी त्याला विचारेन." भविष्यकाळ फार सोयीचा. 'मी जाईन' हे बाईही म्हणते आणि बुवाही, त्यामुळे पात्राच्या कातड्यात शिरावं लागत नाही. शिवाय अजून काही घडलेलं नसतं, नुसता इरादा असतो; फसलं तर इरादाच फसला. इंग्रजीत खेळणारे सरळ वर्तमानकाळात बोलतात, त्यांना 'मी'चं लिंग सांगावं लागत नाही. आपल्याला वर्तमानकाळात एक पाऊल टाकायचं तरी आधी ठरवावं लागतं: जातो की जाते?

मामेभावाची सगळ्यात पंचाईत.

"डॉक्टर कॅप्टनच्या कुपीपाशी जाईल," तो म्हणाला.

"जाईल कधी? आत्ता जाते का?"

"हो. मी जातो." थांबला. "म्हणजे ती जाते."

"अरे मग 'मी जाते' म्हण ना," मैत्रीण म्हणाली, आणि सगळे हसलो. तोही हसला, कान लाल झाले, आणि पुढचा अर्धा तास तो 'डॉक्टरीणबाई हे करतात, डॉक्टरीणबाई ते करतात' असा बातमीदारासारखा लांबून बोलत राहिला. मी आग्रह सोडून दिला. कोणाला हाताला धरून पात्रात ओढत न्यायचं नसतं, एवढी अक्कल मला तेवढ्यात आली होती.

माझी मात्र कुठेच अडचण झाली नाही. गेम मास्टरला बाकीची सगळी माणसं वठवायची असतात, त्यामुळे मी कॅप्टन झाले, आवाज जाड करून "मी सांगतो ते ऐका" म्हटलं, आणि ते कोणाला खटकलंही नाही. बाईने 'सांगतो' म्हणणं आणि पुरुषाने 'सांगते' म्हणणं यांत काहीतरी फरक आहे खरा. त्यावर तिथे बोलले नाही, खेळ चालू होता.

माझ्या अकरा पानांचं काय झालं? काही नाही. तिघांपैकी एकही स्थानकावर गेला नाही. मी दिवा लुकलुकवला, मदतीची हाक पाठवली, शेवटी स्थानक जहाजाच्या आणखी जवळ आणलं. त्यांनी पडदे लावून घेतले. त्यांना कॅप्टनमध्येच रस होता. आपसात कुजबुजले, "आपण त्याला उठवू या," आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आम्ही त्याला उठवतोय." आपण आणि आम्ही. तिघांच्या 'आपण'मध्ये मी नव्हते. दोन वर्षं ज्या कोंडाळ्यात बसायची वाट पाहिली ते समोर जमलं होतं, आणि मी त्याच्या पलीकडच्या बाजूला, हातात यंत्रमानवाचं न झालेलं भाषण घेऊन बसले होते. खोटं कशाला सांगू, जरा लागलं.

कुपी उघडली. आत कॅप्टन, डोळे उघडे, आवाज त्याचा नाही. पायलटने धमकावून पाहिलं, फासे विरुद्ध पडले. इंजिनिअरने यंत्र जोडून त्या शक्तीला बाहेर खेचायचं ठरवलं. एकच फासा लागू पडला, म्हणजे नियमाप्रमाणे जमलं, पण काहीतरी गुंतागुंत होऊन. मी म्हटलं, जहाजातले सगळे दिवे गेले. मैत्रिणीने मुकाट्याने उठून खोलीतला दिवा बंद केला. फक्त कोपऱ्यातला एक राहिला.

त्या अर्ध्या उजेडात मामेभाऊ म्हणाला, "मला त्याच्याशी बोलायचंय. भांडायचं नाही. नुसतं बोलायचंय."

हे मनाचं काम, त्याचा आकडा २. त्याने कॅप्टनची नाडी-बिडी आधी तपासून ठेवली होती म्हणून एक फासा जास्तीचा दिला. दोन फासे टाकले. एक ५, चांगला वर. दुसरा नेमका २.

म्हणजे प्रश्न. त्याने कॅप्टनकडे, म्हणजे माझ्याकडे, पाहिलं आणि म्हणाला, "मी त्याच्या कपाळावर हात ठेवते. आणि विचारते, बाळा, तुला हवंय काय?"

ठेवते. विचारते. कोणी हसलं नाही, बहुतेक कोणाच्या लक्षातही आलं नाही. मला ऐकू आलं, पण मी दुसऱ्याच संकटात होते. नियमाप्रमाणे खरं उत्तर देणं भाग, आणि त्या शक्तीला काय हवंय हे माझ्या अकरा पानांत कुठेच नव्हतं. ती वाईट आहे एवढंच मी लिहिलं होतं. तीन माणसं अंधारात माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "त्याला घरी जायचंय. वाट सापडत नाहीये."

हे कुठून आलं ते मला माहीत नाही. पण त्यानंतर पाऊण तास त्या तिघांनी त्या 'काहीतरी वेगळंच'ला घरी पोचवण्यासाठी जे काही केलं, त्यात माझं काम फक्त 'मग काय होतं' ते सांगायचं उरलं. पायलटने जहाज एका मरत्या ताऱ्याच्या इतक्या जवळून नेलं की मी खरोखर खुर्चीची कड धरली. संपलं तेव्हा ठरलेली वेळ दीड तासाने उलटली होती. दारातून जाता जाता पायलट म्हणाला, "आपण पोचवलं हो त्याला." यावेळी मी मोजले, त्या 'आपण'मध्ये चार माणसं होती.

नंतर या खेळांच्या जन्माची हकिगत पुन्हा वाचली तेव्हा ती निराळीच लागली. १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या मिनेसोटामध्ये डेव्हिड वेसली नावाचा तरुण युद्धखेळ खेळवायचा. एकदा त्याने सैन्यांच्या लढाईऐवजी ब्राउनस्टाइन नावाचं एक काल्पनिक गाव घेतलं आणि प्रत्येकाला त्या गावातला एकेक माणूस दिला, प्रत्येकाचा हेतू वेगळा. खेळाडू त्याचं ऐकेनात, आपापली कारस्थानं करत सुटले. वेसलीला वाटलं, खेळ साफ फसला. खेळाडू मात्र परत कधी म्हणून मागे लागले. त्यांच्यातल्या डेव्ह आर्नेसनने पुढे ब्लॅकमूर हे आपलं जग उभं केलं, गॅरी गायगॅक्सबरोबर त्यातून नियम बांधले, आणि १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स बाजारात आलं. पहिल्या खेपेला फक्त १००० प्रती, एका खोक्यात तीन पुस्तिका. हे सगळं मी आधीही वाचलं होतं, सनावळ्या पाठ होत्या. पण वेसली बिचारा घरी जाऊन काय विचार करत बसला असेल, ते अकरा पानं वाया गेल्याशिवाय कळायचं नाही. मी तयारी सोडली नाही. पानं मात्र दोनवर आणली, आणि काय घडणार ते लिहायचं बंद करून कोणाला काय हवंय एवढंच लिहायला लागले.

डॉक्टरीणबाईंच्या जहाजावर आम्ही आणखी तीनदा गेलो. मध्येच मी एक फुलीचं कार्ड टेबलावर ठेवायला सुरुवात केली. ही जॉन स्टॅव्रोपोलोसची कल्पना: खेळात नकोसं काही आलं की त्या फुलीला बोट लावायचं, ती गोष्ट तिथेच काढून टाकायची, कारण विचारायचं नाही. मला ते जरा अती वाटत होतं. चार ओळखीची माणसं, नको असेल तर तोंडाने सांगतील की. तिसऱ्या वेळी एका निर्मनुष्य ग्रहावरच्या विहिरीतून लहान मुलाचा आवाज येतोय, असं मी छान रंगवत होते. मैत्रिणीच्या नवऱ्याने न बोलता फुलीवर बोट ठेवलं. तोच, जो विचारल्यावर गप्प बसत नाही. मी म्हटलं, विहीर कोरडी आहे, आवाज वाऱ्याचा होता. खेळ पुढे गेला. मी आजवर त्याला विचारलेलं नाही. तोंडाने सांगायला लागलं असतं तर त्याने सांगितलं नसतं, एवढं मात्र मला कळलं. कार्ड तेव्हापासून प्रत्येक वेळी असतं.

मग तिघांनीच विचारलं, तो पहिल्या दिवशीचा फॉर्मवाला खेळ कधी खेळायचा.

यावेळी मी पात्रं आधीच भरून नेली, फक्त नाव आणि स्वभाव मोकळा ठेवला. मामेभावाने धर्मगुरूचा कागद उचलला आणि सांगितलं, ही आपली डॉक्टरीणबाईच. तीच म्हातारी, तीच खोड, फक्त स्टेथोस्कोपच्या जागी गदा. दुसऱ्या जगात, दुसऱ्या नियमांत ती जशीच्या तशी चालत आली आणि आल्या आल्या पायलटला, जो आता तलवारबाज होता, ओरडली, "मी सांगते ते ऐकतोस की नाही?" अडखळणं केव्हाच संपलं होतं.

एवढे दिवस भीती घातलेले नियम हातात घेतल्यावर निम्मे निघाले. वीसचा फासा टाकायचा, त्यात आपला अधिक-उणे मिळवायचा, ठरलेला आकडा गाठायचा. सोपं असेल तर १०, मध्यम १५, अवघड २०. परिस्थिती अनुकूल असेल तर दोनदा टाकून मोठं दान घ्यायचं. बाकीचं लागेल तेव्हा पाहायचं. सगळ्यात अवघड नियम या खेळांच्या एकाही पुस्तकात नाही: चार मोठ्या माणसांची एकच संध्याकाळ मोकळी काढणे. एक बैठक आम्ही पाच वेळा पुढे ढकलली.

ती झाली त्या दिवशी म्हातारी मेली.

पहिल्या पातळीचं पात्र फार नाजूक असतं. तिचे प्राण ९ अंकांचे. गॉब्लिनच्या, म्हणजे खेळातल्या खुज्या राक्षसाच्या, एका बाणाने सहाच्या फाशावर पडेल ते, अधिक २ जातात. पहिल्या पातळीला बरं करायचे मंत्र दिवसाला दोनच मारता येतात, आणि तिने एक तलवारबाजावर, एक चोरट्यावर (मैत्रीण आता चोरटी होती) खर्च केला होता. तिला लागोपाठ दोन बाण लागले, ६ आणि ५. प्राण शून्यावर.

शून्य म्हणजे मरण नव्हे. आपली पाळी आली की वीसचा फासा टाकायचा. १० किंवा वर पडले तर एक खूण जगण्याची, खाली पडले तर एक मरण्याची. ज्याच्या तीन आधी भरतील ते. म्हणजे प्रत्येक दानाला जगण्याच्या बाजूने ५५ टक्के, तसं पाहिलं तर माप आपल्याकडे झुकलेलं. पहिलं दान १४. सगळ्यांनी श्वास सोडला. चोरटी धावत गेली आणि रक्त थांबवायचा प्रयत्न केला. १० हवे होते, सगळं मिळून ६ भरले. तिने दोन शिव्या दिल्या, त्या तिच्या की पात्राच्या ते सांगता येत नाही. दुसरं दान ७. तलवारबाजाने शेवटचा गॉब्लिन आडवा केला. आता फक्त तिच्यापर्यंत पोचायचं होतं. पण पाळी तिची होती.

मामेभावाने फासा मुठीत बराच वेळ धरला. टाकला. तो टेबलाच्या कडेपर्यंत घरंगळत गेला आणि थांबला.

१.

एक पडला तर मरणाच्या दोन खुणा धरतात. एक आधीची होती.

पुष्कळ गेम मास्टर समोर पुठ्ठ्याचा आडपडदा लावून त्यामागे फासे टाकतात. कधीकधी पडलेलं दान गिळून दुसरंच सांगतात, आणि त्यात गैर काही नाही असं मानणारे भले भले आहेत. मी उघड्यावर टाकते. आणि हे दान तर माझं नव्हतंच, त्याचं होतं, सगळ्यांच्या देखत. तरी तिघांनीही माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी म्हणेन म्हणून. मी काही म्हटलं नाही. मला म्हणायचं होतं.

"ताई," मामेभाऊ म्हणाला. मग कागदाकडे पाहत, "गेली ती."

ती. मी नाही, ती. इतक्या बैठका जी 'जाते' आणि 'सांगते' आणि 'ओरडते' होती, ती एका दानाने त्याच्या तोंडातून उठून समोरच्या कागदावर जाऊन पडली. मरण्याचं पहिल्या पुरुषातलं क्रियापद कोणाला कधी लागत नाही, म्हणून तसं झालं असेल. चोरटीने तिची गदा घेतली. तलवारबाजाने चार दगड रचले. त्या दिवशी पुढे खेळलो नाही, फासे तसेच टेबलावर राहिले.

पुढच्या बैठकीला मामेभावाने नवं पात्र आणलं. ड्वॉर्फ, म्हणजे बुटक्या, दणकट वंशातला पुरुष, दाढी कमरेपर्यंत, खांद्यावर कुऱ्हाड, तोंड फाटकं. कागदावर सगळं नीट भरलेलं, त्याने एकट्याने बसून भरलेलं, १५ चे अधिक दोनसुद्धा बरोबर. मी बोगद्याचं तोंड सांगितलं, आतला ओला वास सांगितला, कुठेतरी टपटप पाणी. ड्वॉर्फला विचारलं, तू काय करतोस?

त्याने खुर्ची पुढे ओढली, दाढीवरून हात फिरवल्यासारखं केलं आणि जाड आवाजात म्हणाला, "मी पुढे होते."